आत्याचं मूळ

आमच्या आत्याचं तोंड तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पहिल्यांदा बघितलं ते तुपात. अक्षरशः तुपात. ती मूळ नक्षत्रावर जन्मलेली, आणि मुळावर पोर जन्मलं की नक्षत्राची शांत, म्हणजे त्यासाठीची पूजा, होईपर्यंत बापाने त्याचं तोंड बघायचं नाही, आणि शांत झाली की आधी वाटीत पातळ तूप घेऊन त्यात पडलेलं प्रतिबिंब बघायचं, मग खरं तोंड. १९५० सालची गोष्ट, पंचवटीतल्या वाड्यातली. सत्तावीस झाडांची पानं, सत्तावीस विहिरींचं पाणी, हे गोळा करायला कोण कोण कुठे कुठे गेलं होतं ते आजी शेवटपर्यंत सांगायची, आणि आजोबा शेजारी बसून म्हणायचे, तुपात डोंबल दिसतंय, मला माझ्याच मिशा दिसल्या.

ज्या बापाला धोका होता ते हे आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, तेही शेवटच्या वर्षापर्यंत स्वतः गोदेवर जाऊन आंघोळ करून. पण नक्षत्राचं असं असतं की बाप वाचला तरी हिशेब मिटत नाही, तो सासऱ्याच्या नावावर पुढे ओढला जातो. आत्या लग्नाची झाली तेव्हा तो बाहेर आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मुलगी मुळावरची असली तर सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची असली तर सासूला, ज्येष्ठा असेल तर थोरल्या दिराला आणि विशाखा असेल तर धाकट्या दिराला. म्हणजे नवऱ्याच्या घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक नक्षत्र राखून ठेवलंय. मुलाच्या नक्षत्रामुळे मुलीच्या बापाचं काय होतं हे मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तर आत्याची सात स्थळं गेली. सातही पत्रिकेवरून. तोवर ती घोटीच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागली होती, आठवडाभर तिथेच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एसटीने घरी. शेवटी एकोणतिसाव्या वर्षी कुणीतरी शहाण्या माणसाने तोडगा काढला की सासरा नसलेलंच स्थळ बघा ना. हा तोडगा काही नवा नाही म्हणा, मुळाच्या मुलींसाठी अशीच स्थळं बघतात, पण आमच्याकडे तो सुचायला सात नकार जावे लागले. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी करणारे मामा (आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामा म्हणतात) असे मिळाले. बघायच्या कार्यक्रमात मामांच्या आई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे जायचे होते ते आधीच गेलेत, आता मुळाला काय मिळणारे इथं, करून टाका. आत्या हे वाक्य अजून त्यांच्या आवाजात म्हणून दाखवते आणि स्वतःच हसते.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं, पण मूळ नक्षत्र म्हणजे आकाशात खरोखर कुठेतरी असलेली एक जागा आहे, बोट दाखवता येईल अशी, हे डोक्यात आलंच नव्हतं. नक्षत्र म्हणजे कालनिर्णयच्या चौकोनातला एक शब्द. ते समजलं २०२० च्या मे महिन्यात. लॉकडाऊन, ऑफिस घरून, झोप उडालेली, मग मी आणि चिरंजीव रात्री बारानंतर इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चटई टाकून पडायचो. त्याने मोबाईलमध्ये ते आकाशाचं अ‍ॅप घेतलं होतं, फोन वर धरला की ताऱ्यांची नावं येतात ते. दक्षिणेकडे विंचू वर आलेला. वृश्चिक हे एक असं चित्र आहे की ज्यात कल्पना करावी लागत नाही, तो दिसतोच विंचवासारखा, मधे लाल ज्येष्ठा, खाली वळत गेलेली शेपूट आणि टोकाला नांगी. त्या नांगीवर फोन नेला तर अ‍ॅप म्हणालं, मूळ. मी उठून बसले. हीच का ती. आणि तिथून फोन जरासा डावीकडे सरकवला तर एका रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर बारीक फुली आणि शेजारी लिहिलेलं, गॅलॅक्टिक सेंटर.

आपल्या आकाशगंगेचा मध्य. ज्याच्याभोवती सूर्य आणि त्याच्यामागून आपण सगळे फिरतोय तो बिंदू. आकाशाचे जे सत्तावीस भाग आपण नक्षत्रांच्या नावाने पाडलेत, प्रत्येकी तेरा अंश वीस कलांचे, त्यातल्या मूळ नावाच्या भागात तो येतो.

इथे एक सांगून टाकते, कारण नंतर मला हा फॉरवर्डही आला, बघा आपल्या ऋषींना आकाशगंगेचं केंद्र माहीत होतं म्हणूनच त्यांनी नाव मूळ ठेवलं वगैरे. मला ते पटत नाही. नक्षत्रं चंद्राच्या वाटेवरची आहेत, चंद्र रोज रात्री कुठे मुक्काम करतो त्याच्या खुणा, आणि त्या खुणा ठेवणाऱ्यांचं आकाश वाचणं एवढं पक्कं होतं की त्यांना वर हा मोठेपणा चिकटवायची गरजच नाही. आकाशगंगेला मध्य आहे आणि तो धनू राशीच्या दिशेला आहे हे कळायला १९१८ च्या आसपास हार्लो शॅपलीने केलेलं मोजमाप लागलं. योगायोग आहे. पण योगायोग असला तरी आमच्या आत्याच्या पत्रिकेत बसलेला आहे, त्यामुळे मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग दाखव."

आता हे दाखव म्हणणं सोपं आहे. नाशिकमधून विंचू दिसतो, नांगी धूसर रात्री दिसत नाही, आणि आकाशगंगा तर नाहीच. माझ्या लहानपणी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, मग पांढरे एलईडी आले, आणि पांढऱ्यातला निळा भाग हवेत जास्त पसरतो, त्यामुळे आकाशाचा रंग आता रात्रीही धुतलेल्या पाटीसारखा असतो. वर अंबड-सातपूरच्या कंपन्या, पाथर्डी फाट्यापर्यंत गेलेली बांधकामं, हायवेचा उड्डाणपूल, आणि आता २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेली कामं. मी तक्रार करत नाहीये, संध्याकाळी क्लासवरून एकटी येणारी मुलगी असेल तर मलाही रस्त्यावर दिवा हवाच असतो. तो दिवा वर आकाशात कशाला हवा एवढंच कळत नाही. २०१६ मध्ये जगाचा एक नकाशा आला होता उजेडाच्या प्रदूषणाचा, त्यात होतं की जगातल्या एक तृतीयांश माणसांना ते राहतात तिथून आकाशगंगा दिसूच शकत नाही. त्यात आपण आहोत. आपल्याच राज्यात पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, तिथल्या गावांमधले दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले, म्हणजे जमतं, करायचं ठरवलं तर.

त्यात आपल्याकडे पंचांग आणि हवामान दोन्ही आडवं येतं. आकाशगंगेचा हा मधला, सगळ्यात दाट भाग रात्री चांगला उंचावर असतो तो जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको, इगतपुरीत तर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऑक्टोबरमध्ये आकाश धुऊन स्वच्छ होतं तर आम्ही मराठी माणसं गच्चीवर जातो ती कोजागरीला, म्हणजे नेमक्या अशा रात्री की जेव्हा चंद्रामुळे बाकी काहीही दिसत नाही. दूध आटवतो आणि दुधाळ पट्टा हुकवतो. मग उरतो फेब्रुवारी ते मे, तेही पहाटे. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास, त्यामुळे जी गोष्ट बघायला मार्चमध्ये पहाटे तीनला उठावं लागतं ती जुलैत रात्री नऊ-दहाच्या सुमारासच वर असते, पण ढगाच्या पलीकडे.

पहिल्या खेपेला मी मूर्खपणा केला. अंधार पाहिजे ना, मग लांब जाऊ, म्हणून वणीच्या पुढे, हातगडच्या बाजूला गेलो. अंधार होता बऱ्यापैकी. पण हातगड नाशिकच्या उत्तरेला, आणि आम्हाला बघायचं होतं दक्षिणेकडे, म्हणजे वृश्चिक-धनूच्या बरोब्बर खाली नाशिकचा उजेड, परातीत पीठ सांडल्यासारखा. शिवाय शेजारच्या एका रिसॉर्टने झाडांवर हिरवे फोकस मारलेले, का मारतात देव जाणे, झाडं हिरवीच असतात. आत्या गाडीत शाल पांघरून बसली होती. म्हणाली, "दिसतंय की, ते काय, पेट्रोलपंप." तर नाशिककरांना फुकटचा सल्ला, आकाशगंगेचा मध्य बघायचा असेल तर शहराच्या दक्षिणेला जा आणि शहराकडे पाठ करून उभे राहा. मला हे कळायला एक फेरी आणि हजारेक रुपयांचं पेट्रोल गेलं.

ह्यानंतर दोन वर्षं तशीच गेली. मामा गेले त्यात. मामांच्या वर्षश्राद्धानंतर आत्यानेच विषय काढला, ते तू दाखवणार होतीस त्याचं काय झालं.

यंदा पाडव्याच्या दोन दिवस आधी गेलो. पाडवा म्हणजे चैत्र प्रतिपदा, त्यामुळे त्याच्या आधीच्या रात्री काळ्याकुट्ट असणारच, हे पंचांगाचं बरं असतं, वेगळं अ‍ॅप बघावं लागत नाही. रात्री दीडला निघालो, मी गाडी चालवायला, आत्या पुढे, चिरंजीव मागे, आणि नवरा घरी कारण त्याच्या मते तारे युट्यूबवर चांगले दिसतात. घोटी सोडली, भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलो. घोटीत भाताच्या गिरण्यांच्या बाजूने जाताना आत्या म्हणाली की ती शाळेत होती तेव्हा बाजाराच्या दिवशी इथे कोंड्याने डोळे भरायचे. बारीच्या पुढे एका वाडीवर आत्याचा एक जुना विद्यार्थी राहतो, आता तो स्वतः आजोबा झालाय, त्याच्या अंगणात आम्ही बसणार होतो. मेअखेरीला इकडे काजवे बघायला गाड्यांची एवढी रांग लागते की काजवे बिचारे हेडलाइटने लाजतात. मार्चमध्ये कुणी नाही. रिकामी खाचरं, लांब कुठेतरी राब भाजल्याचा वास, आणि कुत्री.

त्यांनी अंगणात दोन खाटा टाकून ठेवल्या होत्या, आणि बाई येणार म्हणून ओट्यावरचा शंभरचा बल्ब लावून ठेवला होता. "बाई, अंधारात पाय बिय लागंल." आत्या म्हणाली, "अरे बंद कर तो, आम्ही अंधारच बघायला आलोय." तो गोंधळला, पण बाईंनी सांगितलं म्हणून बंद केला. साठीतला माणूस, चौथीतल्यासारखा.

मग मोबाईलही बंद. डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा जरी स्क्रीन बघितली तरी पुन्हा पहिल्यापासून. डोळ्याची बाहुली काही सेकंदात मोठी होते, ते खरं कारण नाही, डोळ्याच्या पडद्यात अंधारात काम करणारं जे रसायन असतं ते उजेडाने उडून जातं आणि परत साठायला वेळ लागतो, विरजणासारखं, मधे मधे ढवळलं तर लागत नाही. चिरंजीवांसाठी ही अर्ध्या तासाची शिक्षा वर्षातली सगळ्यात मोठी असावी. पहिली दहा मिनिटं काहीच विशेष दिसलं नाही. पाठीशी कळसूबाईचा काळा डोंगर, उत्तर-पूर्वेला क्षितिजाशी नाशिकचा उजेड, त्यात हंस हा तारकासमूह बुडालेला. समोर विंचू. मला मनातून भीती, की ह्याही खेपेला पेट्रोलपंप.

आणि मग ती दिसायला लागली म्हणण्यापेक्षा ती तिथेच होती हे लक्षात यायला लागलं. मी आधी तिला ढग समजले, क्षितिजावरून वर सरकलेला विरळ ढग, आणि मनातल्या मनात शिव्याही घातल्या. पाच मिनिटांनी बघितलं तर ढग हललेला नाही. विंचवाच्या शेपटीच्या डावीकडून निघून पूर्वेच्या अंगाने श्रवण ताऱ्याकडे गेलेला, मधेच दोन फाटे फुटलेला.

फोटोत बघून जाणाऱ्यांनी एक समजून घ्यावं, ती जांभळी-गुलाबी नसते. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात बघतात त्यांना रंग कळतच नाही. कॅमेरा पंधरा-वीस सेकंद उजेड साठवतो, आपण नाही साठवू शकत. खरी आकाशगंगा राखाडी असते, तांदूळ धुतलेलं पाणी काळ्या फरशीवर सांडावं तशी. पहिल्या नजरेला निराशा होण्याची शक्यता आहे हे प्रामाणिकपणे सांगते. पण मग तिच्याकडे थेट न बघता जरा बाजूला बघितलं (डोळ्याच्या कडेला अंधाराच्या पेशी जास्त असतात) की ती उजळते, तिच्यात गाठी दिसतात, कडा फाटलेल्या दिसतात, आणि फोटोत जे कधीच येत नाही ते येतं, ते म्हणजे तिचा आकार, की ही अख्ख्या अंगणापेक्षा, डोंगरापेक्षा मोठी आहे आणि मान फिरवत फिरवत बघावी लागतेय.

धनू राशीतले तारे किटलीसारखे दिसतात, दांडी, झाकण, तोटी, सगळं. आत्याला धनुष्य काही केल्या दिसेना, किटली मात्र लगेच दिसली. तोटी विंचवाच्या बाजूला, आणि त्या तोटीतून वाफ निघावी तसा तो पट्टा. त्या तोटीच्या टोकापासून थोडं पुढे, नांगीकडे, ती फुलीची जागा. साधारण २६ हजार प्रकाशवर्षं. म्हणजे तिथून निघालेला उजेड आज पोचला तर तो निघाला तेव्हा गोदेच्या काठाला नाशिक तर सोडाच, शेतीसुद्धा नव्हती.

पोचला तर. कारण खरं सांगायचं तर तो पोचत नाही. मधे धूळ आहे. पट्ट्याला जे दोन फाटे फुटलेले दिसतात, ती मधली काळी भेग म्हणजे तारे नसलेली जागा नाही, तिथे धुळीचे ढग आहेत आणि तारे त्यांच्या मागे आहेत. ह्या धुळीने भल्याभल्यांना फसवलं. विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये दुर्बिणीतून चारी दिशांना तारे मोजले आणि निष्कर्ष काढला की सूर्य जवळजवळ मध्यावर आहे. धुक्यात उभं राहिलेल्या माणसाला वाटतंच की आपण मैदानाच्या बरोब्बर मधे आहोत. शॅपलीने धुळीच्या पट्ट्याच्या वर-खाली असलेले ताऱ्यांचे गोलाकार गुच्छ मोजले, ते एकाच बाजूला जास्त होते, धनूकडे, म्हणून त्याला मध्य कळला. अंतर त्यानेही जास्तच काढलं, कारण धूळ हिशेबात धरली नव्हती.

त्या मध्यातून निघालेल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी लाख कोटीतला एखादा कण आपल्यापर्यंत येतो. म्हणजे आम्ही बघत होतो ते मूळ नव्हे, मुळाची दिशा. मध्य बघायचा तर दुसरे डोळे लागतात. कार्ल जान्स्की नावाचा इंजिनिअर रेडिओ टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता, तर ती रोज चार मिनिटं लवकर यायची, ताऱ्यांसारखी, आणि १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की ती धनूच्या दिशेने येतेय. रेडिओ लहरींना धूळ आडवी येत नाही. पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला त्या तीस अवाढव्य डिश आहेत, प्रत्येकी ४५ मीटरच्या, जीएमआरटी ह्या रेडिओ दुर्बिणीच्या, त्या अशाच लहरी ऐकतात. मी नाशिक-पुणे एसटीने कितीतरी वेळा तिकडून गेलेय आणि नारायणगावचा थांबा माझ्यासाठी कायम मिसळीपुरताच होता.

आणि मग अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या दुर्बिणी. त्यांनी मध्याजवळच्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, एक तारा तर सोळा वर्षांत एका न दिसणाऱ्या गोष्टीभोवती अख्खी फेरी मारतो, आणि त्या फेरीच्या हिशेबावरून कळलं की तिथे चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं काहीतरी एवढ्याशा जागेत बसलंय. कृष्णविवर. अँड्रिया गेझ आणि राइनहार्ड गेंझेल यांना २०२० चं नोबेल त्यासाठी मिळालं. मे २०२२ मध्ये त्याचा फोटो आला तोही त्याचा स्वतःचा नाही, भोवतीच्या तापलेल्या वायूचा, मधे सावली. हे मी आत्याला अंधारात जमेल तसं सांगत होते, वाक्य लांबत होतं, ती मधेच म्हणाली,

"म्हणजे तुपातच बघायचं. तोंड नाही बघायचं."

मी गप्प झाले. मला हे सुचलं नव्हतं, पाच वर्षं ह्या गोष्टीच्या मागे असून.

आत्याला माझ्यापेक्षा जास्त दिसत होतं हेही सांगायला पाहिजे. वयानुसार डोळ्याची बाहुली कमी उघडते, त्यामुळे पंचाहत्तरीच्या बाईला अंधुक गोष्टी कमी दिसाव्यात हा नियम. पण तिची दोन्ही मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयेत, पिवळी पडलेली भिंगं जाऊन नवी कोरी आलीत, आणि माझा चष्मा मायनस चारचा, त्यात दव. ती सटासट सांगत होती, नांगीच्या डावीकडे एक पुंजका आहे बघ, मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा. तो खरंच आहे, टॉलेमीने साधारण इसवी सन १३० मध्ये नोंदवून ठेवलेला ताऱ्यांचा गुच्छ. मला तो पुसट डाग दिसत होता.

मी वाट बघत होते की ती काहीतरी भारावून म्हणेल. ती म्हणाली, "अगं ही तर मी रोज बघितलीय. शाळेच्या खोलीत पंखा होता का तेव्हा, लाइटच नव्हती. उन्हाळ्यात बाहेर खाटेवर झोपायचं. ही असायची वर. मला वाटायचं असतेच." मग थोड्या वेळाने, "पण हे मूळ आहे हे कुणी सांगितलं नाही."

म्हणजे सात स्थळं येऊन नाही म्हणून जात होती ती सगळी वर्षं ती दर उन्हाळ्यात त्याच्याच खाली झोपत होती.

"नांगी कुठली, नीट दाखव," म्हणाली. मी हात लांब करून दाखवली. दोन तारे, एक जरा ठळक, एक मंद, अगदी शेजारी शेजारी, मांजराच्या डोळ्यांसारखे. तिने बराच वेळ बघितलं.

"ह्या दोन टिकल्या?"

"हो."

"ह्यांच्यासाठी माझी सात स्थळं गेली?"

चिरंजीव खाटेवर आडवा पडून हसायला लागला, मग ती पण. मग मी तिला सांगितलं की अथर्ववेदात ह्याच दोन ताऱ्यांना विचृत् म्हटलंय, म्हणजे सोडवणारे, गाठ सोडणारे, आईबापाकडून आलेल्या रोगाच्या बंधनातून सोडवा अशी त्यांची प्रार्थना आहे. कधी आणि कसं हे सोडवणारे सासऱ्याच्या मुळावर उठले ते मला नाही सांगता येणार. आत्याला वेदात फार रस दिसला नाही. तिचं डोकं शिक्षिकेचं, ती वेगळ्याच हिशेबात होती. "चंद्र तिथे होता म्हणून मूळ, बरोबर? आणि चंद्र एका नक्षत्रात साधारण एकच दिवस. म्हणजे आई आणखी एक दिवस थांबली असती तर मी पूर्वाषाढा."

"हो."

"आणि दर महिन्याला चंद्र तिथून जातो."

"दर सत्तावीस दिवसांनी."

"म्हणजे महिन्यातला एक अख्खा दिवस जगात जेवढी पोरं जन्मतात ती सगळी सासऱ्यांच्या जिवावर उठलेली." तिने शाल घट्ट केली. "आणि तो सूर्यपण फिरतो म्हणालीस ना त्याच्याभोवती?"

फिरतो. सेकंदाला दोनशे वीस-तीस किलोमीटर वेगाने, तरी एक फेरी पुरी व्हायला साधारण तेवीस कोटी वर्षं. जन्मल्यापासून त्याच्या वीसेक फेऱ्या झाल्यात. आत्याने श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी अकरा वेळा केलीय, पावसात, चिखलात, त्यामुळे फेरी ह्या विषयात तिचं मत ऐकून घ्यावं लागतं. ती म्हणाली, "मग बरंय. तोही मुळालाच फेऱ्या मारतोय. माझ्या एकटीच्या मागेच होतं असं नाही."

साडेचारला किटली बऱ्यापैकी वर आली होती, तेव्हा बाईंच्या विद्यार्थ्याने आमची किटली आणली, खरी, गुळाचा चहा. त्याला मी विचारलं तुम्ही काय म्हणता हिला, तर म्हणाला काय म्हणायचं, आकाशगंगा, पुस्तकात बाईंनीच शिकवलंय. बाईंनी शिकवलं तेव्हा फळ्यावर काढून दाखवलेली, आणि शाळा सुटल्यावर ती छपरावर यायची, आणि दोन्ही एकच हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं, असं ते दोघं एकमेकांना सांगत बसले. मग त्यांची गाडी इंद्रायणी तांदळाच्या भावावर गेली. मी वर बघत राहिले. पूर्वेकडचा भाग आधी विरघळला, मग श्रवण एकटा पडला, मग नांगी. पावणेसहानंतर ती नव्हती, म्हणजे होती, पण नव्हती.

परत येताना घोटीच्या अलीकडे उजाडलं. चिरंजीवांना मोबाईल परत मिळाला होता. मागून म्हणाला, "आत्याआजी, तुझी जन्मतारीख आणि वेळ सांग ना. ह्यात मागे जाता येतं. त्या रात्री चंद्र नेमका कुठे होता ते दिसेल."

आत्याने तारीख सांगितली. वेळ विचारली तर म्हणाली, "कोण घड्याळ लावून बसलं होतं? सुईण म्हणाली पहिला कोंबडा झाला. त्यावरून गुरुजींनी मांडली."

"मग काठावर असेल तर मूळ नसेलही. ज्येष्ठा असेल." त्याने वर्ष मागे न्यायला सुरुवात केली होती, स्क्रीनवर आकाश गरागरा फिरताना मला आरशात दिसत होतं.

"ए, बंद कर ते," आत्या म्हणाली. "ज्येष्ठा निघाली तर? थोरल्या दिराला वाईट, आणि आमचे भाऊजी अजून रोज चार किलोमीटर चालतात." मग खिडकीची काच थोडी खाली केली, बाहेर बघत म्हणाली, "आणि मग सासरा असलेली स्थळं पण आली असती ना. ह्यांचं कुणी सुचवलं असतं मग. बंद कर."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बंद केलं.